तासाबाहेर

रात्री अडीच वाजता काका व्हाउचर शोधत होते. खुब्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम दीड दिवस झालेला, एका हाताला सलाइन, आणि दुसरा हात चादरीवरून फिरवत फिरवत ते सांगतायत की डेबिटची तीन व्हाउचरं सापडत नाहीयेत, ती सापडल्याशिवाय आज कोणी घरी जायचं नाही. बँकेतून रिटायर होऊन त्यांना बावीस वर्षं झालीत. मी म्हटलं, काका, अहो हे हॉस्पिटल आहे, मी आहे इथे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काल लागलेली पोरगी साहेबाला शिकवायला आलीय. "तू नवीन आहेस. गप्प बस आणि खालचा ड्रॉवर बघ."

मी खरंच खाली वाकून बघितलं. काय करणार.

सकाळी काकू आल्या, पाच मिनिटं त्यांनी हे सगळं ऐकलं आणि मला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेऊन म्हणाल्या, "वेड लागलं का गं ह्यांना?" आणि मग स्वतःच उत्तर दिलं, "वात झालाय. उतरेल." डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांनीही जवळपास तेच सांगितलं, फक्त शब्द वेगळा होता. ह्या वयात मोठ्या ऑपरेशननंतर होतं असं, तात्पुरतं असतं, घाबरू नका, आपण कारण शोधतोय, आणि फाइलवर लिहिलं: डिलीरियम. मला एक वाईट खोड आहे, भीती वाटली की मी शब्द उकरत बसते. लोक स्तोत्र म्हणतात, मी डिक्शनरी उघडते. तर पुढचे तीन दिवस त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत, मी हा एकच शब्द उकरला आणि जे हाती लागलं ते इतकं अनपेक्षित होतं की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

डिलीरियम हा शब्द शेतातला आहे.

लॅटिनमध्ये 'दे' म्हणजे पासून दूर, बाजूला. आणि 'लिरा' म्हणजे नांगरताना माती वर येऊन दोन सऱ्यांच्या मधे जो वरंबा तयार होतो तो, आणि पुढे सरळ ती नांगराची रेघच, म्हणजे आपण ज्याला तास म्हणतो ते. (घड्याळातला तो तास वेगळा, हे तास वेगळं. आणि इटलीचं जुनं नाणं लिरा तेही वेगळं, ते वजनाच्या 'लिब्रा'वरून आलंय. मी आधी तिथेच अर्धा तास वाया घालवला.) तर 'देलिरारे' म्हणजे तास सोडून जाणं. बैल सरळ चाललेत, फाळ जमिनीत आहे, रेघ पडतेय आणि मग काहीतरी होतं आणि रेघ वाकडी जाते. एवढंच. ज्याचं बोलणं असं वाकडं जायला लागलं त्याला रोमन लोक म्हणायला लागले, हा तास सोडून चालला.

मला हे वाचून पहिल्यांदा आठवलं ते आपलंच "डोकं ठिकाणावर आहे का?" आपण ते हजारदा म्हणतो आणि एकदाही विचार करत नाही की डोक्याचं ठिकाण म्हणजे नेमकं कुठे. भरकटणं, वाहवत जाणं, रुळावरून घसरणं, बोलण्याला ताळतंत्र नसणं. 'भ्रम' शब्दातसुद्धा मुळात फिरणंच आहे, गरगर फिरणं, भटकणं, भ्रमण त्याच धातूतलं. म्हणजे मन बिघडलं की ते कुठेतरी *गेलं* असं बऱ्याच जणांना वाटत आलेलं दिसतं. फरक इतकाच की कुणाचं मन पाण्यात गेलं, कुणाचं रुळावरून गेलं आणि रोमन माणसाचं शेतात गेलं, कारण तो कितीही मोठा सेनापती झाला तरी स्वतःला मनातून शेतकरीच समजायचा.

आणि एकदा शेत दिसलं की सगळीकडे दिसायला लागतं. कवितेची ओळ, इंग्रजीतलं 'व्हर्स', ते लॅटिन 'वर्सुस'वरून, म्हणजे वळण, नांगर टोकाला जाऊन वळतो आणि नवी रेघ सुरू करतो ते. खोटेपणाने गोलगोल बोलण्याला इंग्रजीत 'प्रिव्हॅरिकेट' म्हणतात, त्याबद्दल रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो की नांगर धरणारा नीट वाकला नाही तर तो वाकडा जातो, आणि हा शब्द तिथून कोर्टात आला. म्हणजे वकिलावरचा आरोपसुद्धा शेतातून आलेला. आणि मला सगळ्यात आवडलेलं, इंग्रजीतलं साधं 'लर्न', शिकणं, ते सुद्धा दूरच्या नात्याने ह्याच लिराचं भावंड निघतं. मूळ धातूचा अर्थ माग, चाकोरी. म्हणजे शिकणं म्हणजे मागावरून चालणं आणि डिलीरियम म्हणजे माग सोडणं. एकाच घरातले दोन भाऊ, एक शाळेत गेला आणि एक आयसीयूत.

सुरुवातीला हा आजाराचा शब्द नव्हताच. रोमन कवी होरेस एका पत्रात ट्रोजन युद्धाबद्दल म्हणतो की राजे तास सोडून वागतात आणि फटके खातात बिचारे ग्रीक, तिथे हेच क्रियापद आहे. रोमन वक्ता सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये म्हातारपणावर लिहिलं त्यात तो म्हणतो की लोक ज्याला 'देलिरातियो' म्हणतात तो म्हाताऱ्यांचा खुळेपणा सगळ्या म्हाताऱ्यांत नसतो, फक्त उथळ म्हाताऱ्यांत असतो. सिसेरो तेव्हा स्वतः साठीचा होता, त्यामुळे त्याने हे ठासून सांगणं समजू शकतं. पण मला राग आला त्याचा. माझे काका उथळ नाहीत. त्यांना फक्त खुब्याला फ्रॅक्चर, अंगात भूल आणि पेनकिलर, थोडा ताप, पोटात पाणी कमी आणि चष्मा घरी राहिलेला, एवढं सगळं एकदम झालं होतं.

शब्दाला आजारपणात पक्कं आणून बसवलं ते सेल्ससने, पहिल्या शतकात. ऑलस कॉर्नेलियस सेल्सस. तो डॉक्टर होता की नुसता जाणकार लेखक होता ह्यावर अजून वाद घालतात लोक. लाली, सूज, उष्णता, वेदना ही दाह ओळखायची चार लक्षणं मेडिकलची मुलं आजही पाठ करतात ती त्याच्याच पुस्तकातली. पण मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. सेल्ससने एक मोठा ज्ञानकोश लिहिला होता आणि त्यात वैद्यकाच्या आधी शेती होती. शेतीची पुस्तकं हरवली, वैद्यकाची आठ टिकली. आणि त्या टिकलेल्या वैद्यकाचं पहिलंच वाक्य अशा अर्थाचं आहे की जशी शेती निरोगी शरीराला अन्न देण्याचा शब्द देते तसं वैद्यक आजाऱ्याला आरोग्य देण्याचा शब्द देतं. म्हणजे शेतीवर लिहून उठलेला माणूस त्याच लेखणीने आजारावर लिहायला बसला. नांगराची रेघ माणसाच्या मेंदूपर्यंत ओढणारा हाच असायला हवा होता, दुसरा कोण.

ग्रीकांकडे तोवर दोन शब्द होते. तापात माणूस खवळला, ओरडायला लागला, उठून पळायला लागला की 'फ्रेनायटिस', ज्यातून पुढे इंग्रजीतलं 'फ्रेंझी' आलं. आणि उलट, नुसता पडून राहिला, गुंगीत, हाक मारली तरी ओ नाही, की 'लेथार्गस'. आज हे दोन्ही डिलीरियमच्याच खाली येतं, आणि त्यातला दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण शांत पेशंट कुणाला नको असतो? काकांच्या बाजूच्या पलंगावर एक आजी होत्या, दिवसभर डोळे मिटून. सगळे म्हणायचे किती गुणी आहेत. मला तिसऱ्या दिवशी शंका यायला लागली की त्या गुणी नाहीत, त्यासुद्धा तासाबाहेर आहेत, फक्त आवाज न करता. मी सिस्टरला हळूच सांगितलं. तिने त्यांना वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगितले. त्या डिसेंबर म्हणाल्या, नोव्हेंबर म्हणाल्या आणि मग खिडकीकडे बघत राहिल्या.

ही उलट्या महिन्यांची परीक्षा खरीच वापरतात. आणि ती का वापरतात हे कळल्यावर मी त्या जुन्या शब्दाला मनातल्या मनात सलाम ठोकला. ह्या आजाराला इतकी शतकं वाटेल ते नाव देत होते, मेंदू बिघडला, विष चढलं, गोंधळ झाला. अमेरिकन मानसोपचारवाल्यांनी १९८० मध्ये त्याची नीट व्याख्या पक्की केली, १९९० मध्ये शॅरन इनुये ह्या डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पलंगापाशी उभं राहून पाच मिनिटांत ओळखायची एक पद्धत दिली, आणि त्या सगळ्याच्या मध्यभागी काय निघालं तर लक्ष. आठवण नाही, अक्कल नाही, भास होणं तर मुळीच नाही, ते असलं तर असतं. अचानक सुरू होणं, दिवसभरात कमीजास्त होणं आणि लक्ष न टिकणं. माणूस एका गोष्टीवर मन धरून ठेवू शकत नाही. ज्याने कधी नांगर धरलेला बघितलाय त्याला विचारा सरळ तास पाडायला काय लागतं. ताकद बैलांची असते, फाळ लोखंडाचा असतो, माणसाचं त्यात फक्त लक्ष असतं, समोरच्या एका खुणेवर धरलेलं. ते सुटलं की रेघ गेली. नांगर मोडलेला नसतो, बैल मेलेले नसतात, शेतही तिथंच असतं. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे एका शब्दात बोलून गेलं आणि आपण मधे एवढा फेरा मारून परत तिथेच आलो.

काकूंना मी हे असंच सांगितलं, वेड नाही, लक्ष सुटलंय. त्या म्हणाल्या, "ह्यांचं माझ्याकडे कधी होतं?" आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

काकांचं चादर चाचपणं थांबत नव्हतं. बोटांनी चिमटीत धरून काहीतरी वेचायचं, हवेतून, उशीवरून, स्वतःच्या शर्टावरून. मला वाटलं व्हाउचर. पण ह्यालाही नाव आहे आणि तेही शेतातलंच, ग्रीक 'कार्फोलॉजिया', काड्या वेचणं, गवताच्या काड्या. जुना ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस, त्याच्या नावावरच्या ग्रंथांत हे लिहून ठेवलंय की जोराच्या तापात रुग्ण तोंडासमोर हात हलवतो, हवेत काहीतरी शोधतो, पांघरुणाचे धागे उपटतो, भिंतीतल्या काड्या ओढतो, आणि हे लक्षण वाईट. लॅटिनवाल्यांनी काड्यांऐवजी लोकरीचा पुंजका धरला, 'फ्लोकस', त्यावरून वेगळा शब्द केला. मी "लक्षण वाईट"पर्यंत वाचलं आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. दोन हजार वर्षांपूर्वी अँटिबायोटिक नव्हतं, सलाइन नव्हतं, वगैरे वगैरे, मी स्वतःला समजावत बसले. इंटरनेटवर रात्री तीन वाजता हिपोक्रेटिस वाचू नये.

आणि मग दुसऱ्या रात्री ते झालं ज्याच्यामुळे मी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

काका शांत झाले होते. मला वाटलं झोपले. दिवा मंद होता. आणि एकदम अगदी स्वच्छ आवाजात, व्हाउचरवाल्या साहेबी आवाजात नाही, बारीक, पोरसवदा आवाजात म्हणाले, "आक्का, पत्र मी टाकलंच नाही." थोड्या वेळाने, "खिशातच राहिलं गं." आणि रडायला लागले. आक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली. कुठलं पत्र, कुणाला लिहिलेलं, आक्काने टाकायला दिलं होतं का, न टाकल्यामुळे काय झालं, मला काहीच माहीत नाही. घरात कुणी कधी ह्या पत्राबद्दल बोललेलं मी ऐकलेलं नाही. आक्काने लग्न केलं नव्हतं एवढं मला माहितीये, आणि त्या रात्री मला ते एकदम वेगळं दिसायला लागलं, आणि मग वाटलं की मी उगाच गोष्ट रचतेय, ते वीजबिलसुद्धा असू शकतं.

तिथे मला तो तास सोडण्याचा अर्थ अपुरा वाटला. हे काही भरकटणं नव्हतं. व्हाउचर हे भरकटणं होतं. हे पत्र म्हणजे जिथे होतं तिथेच होतं, साठ की पासष्ट वर्षं, फक्त त्याच्यावर माती होती.

आणि गंमत बघा, प्लिनीकडे हाही अर्थ आहे. तोच प्लिनी जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या स्फोटात गेला. त्याच्या सदतीस भागांच्या ग्रंथात अठरावा भाग धान्यावर आहे आणि त्यात तो पेरणीबद्दल सांगतो की बी टाकल्यावर काही ठिकाणी नांगराला फळी बांधून ती शेतातून फिरवतात म्हणजे बियांवर माती ओढली जाते, ह्याला 'लिरारे' म्हणतात. आणि बी असं झाकलं गेलं नाही, उघडं राहिलं, तर त्याला म्हणतात 'देलिरातियो', आणि मूळ तो शब्द तिथला. म्हणजे ह्याच्या मते रेघ वाकडी जाण्याशी त्याचा संबंध नाही. जे मातीखाली असायला हवं ते उघड्यावर पडलं, तो डिलीरियम.

सगळ्या डिक्शनऱ्यांनी पहिला अर्थ उचलला, वाकड्या रेघेचा, आणि तोच बहुतेक बरोबर असेल, प्लिनी शब्दांच्या बाबतीत ऐकीव गोष्टीही बिनधास्त लिहितो. पण मी त्या खुर्चीत बसून दोन्ही बघितले. दिवसा वाकडी रेघ, रात्री उघडं बी. आपल्या "बरळणं" ह्या शब्दात हा दुसरा अर्थ अजिबात नाही, बरळणं म्हणजे अर्थ नसलेलं बोलणं. पण त्यात एखादं वाक्य असं असतं की ऐकणाऱ्याला वाटतं आपण दार न ठोठावता आत आलोय.

उपचार म्हणाल तर त्यात चमत्कार काही नव्हता. लघवीत इन्फेक्शन निघालं, त्याचं औषध सुरू झालं, पेनकिलर बदललं. काकूंनी घरून चष्मा आणि कानाचं मशीन आणलं. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवा मंद, समोर घड्याळ, दर थोड्या वेळाने पाणी, ओळखीची माणसं, आणि लवकरात लवकर पलंगावरून उठवून बसवणं. हे सगळं मला आजीबाईच्या बटव्यातलं वाटलं होतं, पण इनुयेबाईंनीच १९९९ मध्ये हे असंच, औषधाशिवायचं, ८५२ वयस्कर पेशंटमध्ये करून दाखवलंय; नेहमीच्या देखभालीत १५ टक्क्यांना डिलीरियम झाला, ह्या देखभालीत ९.९ टक्क्यांना. चष्मा आणि पाणी. मला अजून ते पचत नाही की चष्मा विसरणं हे एवढं मोठं असू शकतं.

सेल्सससुद्धा प्रकाशाबद्दल भांडलाय बरं का. जुने वैद्य म्हणायचे अशा पेशंटला अंधारात ठेवा, दुसरे म्हणायचे उजेडात ठेवा. हा म्हणतो, करून बघा, जो अंधाराला घाबरतो त्याला उजेडात ठेवा आणि जो उजेडाला घाबरतो त्याला अंधारात. किती साधं. आणि पुढे तो म्हणतो की अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याच्या होत हो मिळवणं जास्त वेळा चांगलं, आणि एका श्रीमंत माणसाचं उदाहरण देतो ज्याला आपण उपाशी मरणार अशी भीती बसली होती, तर लोक त्याला अधूनमधून येऊन सांगायचे की तुझ्या नावावर अमक्याने इस्टेट ठेवलीय. खोटंच. पण त्याला बरं वाटायचं.

हे वाचल्यावर मी व्हाउचर शोधायला लागले. सिरियसली. तिसऱ्या रात्री मी म्हटलं, साहेब, दोन सापडली. ते म्हणाले तिसरं? मी म्हटलं, ते कॅशियरकडे राहिलं होतं. त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि चार तास झोपले. आता कुणी म्हणेल पेशंटला खरं काय ते सांगावं, आज कुठला वार, आपण कुठे आहोत, आणि ते मी दिवसा सांगतच होते, सारखी सांगत होते. पण रात्री तीन वाजता मी सेल्ससच्या पार्टीत आहे.

पत्राबद्दल मात्र मी काहीच बोलले नाही. "टाकलं मी, तुम्ही काळजी करू नका" असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलं होतं. नाही म्हटलं. ते माझं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी ते उठले आणि पहिलं वाक्य बोलले ते चहाबद्दल, की हा चहा आहे की अंगावर पडलेलं पाणी. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना वार विचारला, बरोबर सांगितला. महिने उलटे म्हणायला लावले, सप्टेंबरपर्यंत आले आणि वैतागले, "काय पोरखेळ लावलाय?" पेपर मागितला. बाजूच्या पलंगावरच्या आजी पण त्या दिवशी उशीला टेकून बसल्या होत्या.

दुपारी काकू घरी गेल्यावर त्यांनी पेपर खाली ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काय गं, मी काहीतरी बडबडत होतो म्हणे."

"थोडंसं."

"काय बोललो?"

ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते, आणि हाताने चादर सारखी करत होते, ह्या वेळी वेचत नव्हते, नुसती सुरकुती काढत होते.

"बँकेचंच सगळं," मी म्हटलं. "व्हाउचर सापडत नव्हती तुमची."

"एवढंच?"

"एवढंच."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मिळाली का शेवटी?"

"मिळाली. तिन्ही."

त्यांनी पेपर उचलला.